‘मायनर प्रोसीजर’ मायनर कशी झाली?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत. बाकी बोललो तसंच आहे.)

मागचे दोन शनिवार भाग आला नाही. काही जणांनी मेसेज करून विचारलं, पॉडकास्ट बंद केला का? नाही, बंद नाही केला. माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, ती फुग्याने उघडून घेतली. आज अकरावा दिवस. पिंपरीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाला टेकून बसलोय. मांडीवर उशी, उशीवर माइक. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, स्वयंपाकघरात आत्या आहे.

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. रिक्षातूनच मी मॅनेजरला मेसेज टाकला, ‘मायनर प्रोसीजर होती, सोमवारपासून लॉगिन करतो.’ छातीवर टाका नाही, काही नाही. उजव्या जांघेत एक छोटंसं भोक, त्यावर पट्टी. मी मनाशी म्हटलं, याला काय ऑपरेशन म्हणायचं? दात काढल्यावर यापेक्षा जास्त दुखतं.

पाचव्या दिवशी सकाळी पाण्याचा वीस लिटरचा जार दारात आला. आत्या आंघोळीला गेली होती. मी उचलला. दोन पावलं टाकली आणि जांघेत काहीतरी गरम झाल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांत तिथे लिंबाएवढा फुगवटा. मी ‘आत्या’ म्हणून ओरडलो. ती ओल्या केसांनीच बाहेर आली, मला फरशीवर आडवं केलं आणि दोन्ही हातांनी जांघ दाबून धरली. पंधरा-वीस मिनिटं सोडलंच नाही. दाबून धरायचं आणि फोन करायचा, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद तिने वाचला होता. बी.टेक. झालेल्या भाच्याने वाचला नव्हता.

दाबता दाबता ती म्हणाली, “आरं, मायनर मायनर काय लावलंयस? माझ्या वेळी डाक्टरनं काळजात बोट घातलं होतं.”

मला वाटलं, ही तिची बोलायची पद्धत. नंतर सोनोग्राफी झाली, कातडीखाली रक्त साचलं होतं, मोठं काही नव्हतं. ‘पडून राहा’ म्हणून परत पाठवलं. मग पडल्या पडल्या वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आत्या अक्षरशः खरं बोलत होती. आजचा भाग त्या बोटाबद्दल आहे.

आधी आजार समजून घेऊ. शाळेच्या विज्ञानात आपण अलिंद आणि निलय शिकलो. डाव्या अलिंदातून डाव्या निलयात रक्त जातं, मधे दोन पाळ्यांची एक झडप असते. तिला मायट्रल झडप म्हणतात. बिशप लोक डोक्यावर जी उंच, दोन फाकांची टोपी घालतात, तिच्यासारखी दिसते म्हणून हे नाव. निरोगी माणसात ही झडप उघडली की चार ते सहा चौरस सेंटीमीटरची वाट मिळते. माझी उरली होती ०.९. दोन्ही पाळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटल्या होत्या, मधे फक्त माशाच्या तोंडासारखी फट. मागे रक्त तुंबतं, ते फुफ्फुसात साठतं आणि दम लागतो. ऑफिसात लिफ्ट बंद असली की मी तिसऱ्या मजल्यावर थांबून फोन आल्याचं नाटक करायचो. वर्षभर केलं हे नाटक.

पाळ्या चिकटतात कशाने? बहुतेक वेळा लहानपणीच्या घसादुखीने. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात येतो. शरीर त्याच्याशी लढतं, आणि काही मुलांमध्ये ती लढाई चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर होते. याला म्हणतात ऱ्हुमॅटिक फीवर. डॉक्टरांमध्ये जुनी म्हण आहे की हा ताप सांधे नुसते चाटतो, पण हृदयाला चावतो. सांधे महिन्याभरात बरे होतात, घरचे खूश होतात. झडपेवरचा चावा मात्र दहा-वीस वर्षं हळूहळू आकसत राहतो.

आमच्या घरात हा चावा दोघांना बसला. आत्याला आणि मला. झडप तीच, आजार तोच. मधे साधारण पन्नास वर्षं.

आता बोटाकडे येऊ.

१९०२ साली लंडनमध्ये सर थॉमस लॉडर ब्रंटन नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. म्हणणं इतकंच की चिकटलेली मायट्रल झडप शस्त्रक्रियेने उघडता येईल का, याचा विचार व्हायला हवा. त्याने जिवंत माणसावर काही केलं नव्हतं, फक्त सुचवलं होतं. तरी त्याच्यावर टीकेची झोड उठली. हृदयाला हात लावायचा नसतो, हा तेव्हाचा नियम.

पुढची एकवीस वर्षं कोणी यशस्वीपणे हात लावला नाही. मग २० मे १९२३. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये एलियट कटलर या सर्जनने अंथरुणाला खिळलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीची छाती उघडली आणि धडधडत्या हृदयात पातळ सुरी घालून झडप कापली. सोबत हृदयाचे डॉक्टर होते सॅम्युअल लेव्हाइन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. मुलगी वाचली, साडेचार वर्षं जगली. जगभर बातमी झाली.

पण त्यानंतरचे रुग्ण वाचेनात. कटलरने झडपेचा तुकडाच कापून काढणारं अवजार वापरलं. आता विचार करा, दार उघडत नाही म्हणून तुम्ही दाराचा तुकडा तोडलात. दार उघडलं खरं, पण आता ते लागतच नाही. रक्त पुढे जायचं आणि तेवढंच मागे यायचं. चांगल्या हेतूने केलेली चुकीची दुरुस्ती. काही वर्षांत कटलरने ही शस्त्रक्रिया सोडून दिली.

मधेच, १९२५ साली, लंडन हॉस्पिटलमध्ये हेन्री सूटर या सर्जनने वेगळाच मार्ग घेतला. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक छोटा भाग लोंबत असतो. सूटरने तिथे छेद दिला आणि त्यातून आपली तर्जनी आत घातली. हृदय चालू. कापायची तयारी होती, पण बोटाला आत काय आहे ते कळल्यावर त्याने कापलं नाही, बोटानेच झडप सैल केली. ती तरुण मुलगी बरी होऊन घरी गेली आणि पुढे काही वर्षं जगली.

मग सूटरकडे रांग लागली असेल, असं वाटतं ना? एकही रुग्ण आला नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या डॉक्टरांचं तेव्हा ठाम मत होतं की या आजारात झडप महत्त्वाची नाही, हृदयाचा स्नायू महत्त्वाचा. त्यामुळे कोणी रुग्ण पाठवलाच नाही. बरोबर उत्तर १९२५ साली हातात होतं, म्हणजे बोटावर होतं, आणि ते तेवीस वर्षं पडून राहिलं. आपल्या क्षेत्रात कोणी बरोबर कोड लिहिला आणि सीनियरने ‘गरज नाही’ म्हणून ठेवून दिला, तर एखादं रिलीज लांबतं. इथे मधल्या तेवीस वर्षांत किती मुलं गेली असतील, ते मोजायला कोणी बसलं नाही.

आता १९४८. फिलाडेल्फियात चार्ल्स बेली नावाचा सर्जन. त्याचे वडील याच आजाराने गेले होते, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याने हे ऑपरेशन करायचं ठरवलं. पहिला रुग्ण गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. हॉस्पिटलं त्याला परवानगी नाकारायला लागली. तेव्हा बेलीने १० जून १९४८ ला एकाच दिवशी, दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत, दोन ऑपरेशनं ठेवली. कारण सकाळचा रुग्ण गेला तर त्या हॉस्पिटलचं दार बंद होणार, पण दुपारपर्यंत बातमी दुसऱ्या हॉस्पिटलात पोचणार नाही.

सकाळचा रुग्ण गेला.

बेली दुपारी दुसऱ्या हॉस्पिटलात गेला आणि चोवीस वर्षांच्या एका तरुणीची झडप, चिकटलेल्या सांध्यातूनच, बोट आणि छोटी वाकडी सुरी वापरून उघडली. ती वाचली.

हा प्रसंग वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. बेलीला धाडसी म्हणायचं की भयंकर, मला अजून ठरवता येत नाही. आज एखाद्या डॉक्टरने असं केलं तर त्याला नीतिसमिती दारातही उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या जांघेतलं भोक त्या चार माणसांपर्यंत जाऊन पोचतं, हेही खरं आहे.

आणि आता घरी बरं होण्याच्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट. बेलीने त्या तरुणीला ऑपरेशननंतर सुमारे आठवड्याभरात रेल्वेत बसवून शिकागोला नेलं. सुमारे हजार मैल. कशाला? तिथे डॉक्टरांची परिषद होती. तिला समोर उभी करून दाखवायचं होतं की बघा, जिवंत आहे, चालते आहे. विश्रांती वगैरे कसली? तीच पुरावा होती. सुदैवाने ती पुढे कित्येक दशकं जगली.

त्याच महिन्यात, फक्त सहा दिवसांनी, बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केनने हे ऑपरेशन यशस्वी केलं. सप्टेंबरमध्ये लंडनला रसेल ब्रॉकने. तेवीस वर्षं बंद राहिलेलं दार तीन-चार महिन्यांत तीन ठिकाणी उघडलं. ब्रॉकने तर सूटरचाच मार्ग धरला, अलिंदाच्या त्या लोंबत्या भागातून बोट.

हीच शस्त्रक्रिया पुढे भारतात आली आणि इथे खूप वर्षं चालली. कारण सोपं होतं. हृदय थांबवून काम करायला हार्ट-लंग मशीन लागतं, ते महाग. या ‘बंद’ ऑपरेशनला ते लागत नाही. हृदय चालू असतं, सर्जन आत बघत नाही, बोटाने चाचपतो. आजार गरीब घरातला आणि ऑपरेशन त्यातल्या त्यात स्वस्त, असा तो जोड बसला.

आत्याचं ऑपरेशन १९७८ साली मुंबईत झालं, पालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. ती वीस वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या गावाहून आजोबा तिला एसटीने घेऊन गेले. काल मी तिला म्हटलं, आत्या, पॉडकास्टवर सांगू का तुझं? ती म्हणाली, “सांग की. त्यात लपवायचं काय हाय?”

तर तिच्या डाव्या बाजूला, छातीखालून पाठीपर्यंत गेलेला वीतभर व्रण आहे. फासळ्यांमधून वाट काढून, एका बाजूने सर्जनचं बोट आणि दुसऱ्या बाजूने एक उघडणारं अवजार, असं ते झालं. ती हॉस्पिटलात तीन आठवडे होती. घरी आल्यावर आजीने दीड महिना खाटेवरून खाली उतरू दिलं नाही. खाटेवरच जेवण, खाटेवरच वेणी. आजीला भीती की पोरगी उठली तर टाका उसवेल, आतला. गावात कोणीतरी सांगितलं होतं की काळीज शिवलेल्या माणसाने हसू पण नये. आत्या म्हणते, “दीड महिन्यानं पाय खाली ठेवला, तर पायच माझं न्हवतं.”

आजी काही वेगळं करत नव्हती. ‘हृदय म्हणजे पलंग’ हा नियम डॉक्टरांचाच होता, तिच्यापर्यंत तो उशिरा पोचला एवढंच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅक आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे सपाट झोपवून ठेवायचे. काही ठिकाणी स्वतःच्या हाताने घास घ्यायचीही परवानगी नसे. ऱ्हुमॅटिक फीवर झालेल्या मुलांना तर महिनोन्‌महिने अंथरुणात ठेवत. आणि नुसतं पडून राहण्याने काय होतं? पायात रक्त थबकतं, गुठळी होते, ती फुफ्फुसात गेली की माणूस जातो. मग लोक म्हणायचे, बिचाऱ्याचं हृदयच कमजोर होतं. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने अंथरुणाचे धोके या विषयावर लेख लिहिला, तेव्हा कुठे उघडपणे बोलणं सुरू झालं.

आणि आता ते नाव परत येतंय. सॅम्युअल लेव्हाइन. १९२३ साली कटलरच्या शेजारी उभा असलेला तरुण डॉक्टर १९५२ मध्ये साठीत पोचला होता. त्याने बर्नार्ड लाउन या तरुण सहकाऱ्याला घेऊन एक साधा प्रयोग केला. हार्ट अटॅकच्या रुग्णांना पहिल्या दिवसांपासूनच थोडा थोडा वेळ आरामखुर्चीत बसवायचं. बास. औषध नाही, यंत्र नाही, खुर्ची. हॉस्पिटलातल्याच लोकांना वाटलं, हे रुग्णांना मारणार. रुग्ण मेले नाहीत, उलट त्यांचा चेहराच बदलला. माणूस उठून बसला की त्याला वाटतं, आपण जगणार. आज तुम्हा-आम्हाला दुसऱ्या दिवशी ‘चला, उठा, चाला’ म्हणतात, त्यामागे ती खुर्ची आहे.

मग माझा फुगा कुठून आला? त्याची गोष्ट बाहेरून आत जाणाऱ्या नळीपासून सुरू होते. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत एक्स-रेच्या खोलीत गेला, पुरावा म्हणून. तेव्हा टीका वाट्याला आली. १९५६ साली नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेयास ग्रुंट्झिगने नळीच्या टोकाला छोटा फुगा लावून हृदयाची बंद होत आलेली धमनी उघडली. सुरुवातीचे फुगे त्याने घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवले होते.

आणि १९८२ साली जपानमध्ये कांजी इनोउए या हृदयाच्या सर्जनने तो फुगा मायट्रल झडपेसाठी घडवला. मला यातलं इंजिनिअरिंग फार आवडलं. साधा फुगा झडपेत फुगवला तर तो घसरून पुढे किंवा मागे जाईल, कारण हृदय धडधडतंय. म्हणून इनोउएने रबराच्या थरांमध्ये जाळी घातली आणि फुगा टप्प्याटप्प्याने फुगेल असा केला. आधी पुढचा भाग फुगतो. तो मागे ओढला की झडपेला अडकतो. मग मागचा भाग फुगतो, आता डमरूसारखा आकार होतो आणि झडप बरोबर कमरेत पकडली जाते. शेवटी मधली कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. काही सेकंदांचं काम. जांघेतल्या शिरेतून उजव्या अलिंदात जायचं, दोन अलिंदांमधल्या पडद्याला सुईने भोक पाडून डावीकडे जायचं आणि हे करायचं.

विचार केला तर फुगा तेच करतो, जे सूटरचं बोट करत होतं. कापत नाही, तुकडा काढत नाही, चिकटलेलं जिथे चिकटलंय तिथेच सुटं करतो. फक्त बोट आता जांघेतून जातं.

फुगा ऑपरेशनइतका चांगला आहे का, हे तपासायचं महत्त्वाचं काम आपल्याकडे झालंय. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये साठ रुग्णांचे दोन गट केले, काहींची छाती उघडून शस्त्रक्रिया, काहींना फुगा. निकाल १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तीन वर्षांनंतर फुगेवाल्यांच्या झडपा मागे पडल्या नव्हत्या, उलट जास्त उघड्या होत्या. माझी ०.९ ची १.८ झाली. प्रोसीजर चालू असताना मी जागा होतो. डॉक्टर म्हणाले, “झालं.” मी विचारलं, “एवढंच?”

आता ‘एवढंच’ या शब्दाचं काय करायचं, ते सांगतो.

आत्या रात्री माझ्याच खोलीत खाली गादी टाकून झोपते. दिवे बंद झाले, रस्त्यावरचा आवाज कमी झाला की एक आवाज येतो. टिक, टिक, टिक. पहिल्या रात्री मी घड्याळ शोधत होतो. तो आत्याच्या छातीतून येतो. १९७८ ला बोटाने उघडलेली झडप वीस-एकवीस वर्षांनी परत आकसली. १९९९ मध्ये ती काढून कृत्रिम झडप बसवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय बनावटीची झडप, जिचं पहिलं रोपण १९९० साली झालं होतं. आत एक चकती उघडते आणि मिटते, त्याचा हा आवाज. तेव्हापासून आत्या रोज रक्त पातळ करणारी गोळी घेते, ठरलेल्या वेळी रक्त तपासते, हिरव्या भाजीचं प्रमाण सांभाळते. सव्वीस वर्षं. एक गोळी चुकली असं तिला आठवत नाही.

आणि मी? मला अकराव्या वर्षी ऱ्हुमॅटिक फीवर झाला होता. आत्यामुळे घरच्यांनी लगेच ओळखला. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लावून दिलं, दर एकवीस दिवसांनी एक. जोरात दुखतं ते, दिवसभर लंगडत चालायला लागायचं. दर वेळी आई शाळेतून अर्ध्या सुट्टीत घेऊन जायची. अठराव्या वर्षी मी इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेलो. पहिल्या सेमिस्टरला दोन इंजेक्शनं चुकली. काही झालं नाही. मग सगळीच सोडली. घरी फोनवर सांगायचो, घेतलं. मित्रांना कळू नये म्हणून दवाखान्याची फाइल ट्रंकच्या तळाशी ठेवली होती.

इंजेक्शन झडप दुरुस्त करत नाही. ते पुन्हा घसा बिघडू देत नाही, म्हणजे पुन्हा चावा बसू देत नाही. मधल्या वर्षांत मला एकदा जोरदार घसादुखी आणि ताप आला होता. परीक्षा होती, गोळी खाल्ली, विसरलो. माझी झडप ०.९ वर येण्यात त्या दिवसांचा वाटा किती, हे कोणी मोजून देऊ शकत नाही. पण मला शंका नाही.

सगळ्यात लाजिरवाणं काय, सांगू? मी राहतो पिंपरीत, वल्लभनगर एसटी स्टँडजवळ. आत्या त्याच स्टँडवर उतरली. तिथून जवळच आहे एच.ए. कंपनी, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली उभी राहिलेली, १९५५ साली पेनिसिलिनचं उत्पादन सुरू केलेली सरकारी कंपनी. देशात पेनिसिलिन स्वस्तात मिळावं म्हणून बांधलेली. मी चार वर्षं रोज हिंजवडीची बस पकडताना त्या बाजूने जातो. माझ्यासाठी ते फक्त बस स्टॉपचं नाव होतं.

ब्रंटनने सुचवलं, कटलर चुकला, सूटरला कोणी विचारलं नाही, बेलीचे चार रुग्ण गेले, फोर्समानने स्वतःच्या शिरेत नळी घातली, इनोउएने डमरू बनवला. हे सगळं होऊन माझं काम काय उरलं होतं? दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, आणि प्रोसीजरनंतर थोडे दिवस जार न उचलणं. प्रोसीजर मायनर झाली, कारण मेजर भाग आधीच कोणीतरी भरून ठेवला होता. आजार मायनर झालेला नाही.

मॅनेजरला मी पुन्हा मेसेज केला, ‘सोमवारी येत नाहीये, डॉक्टर सांगतील तेव्हा येईन.’ त्याचं उत्तर आलं, ‘टेक केअर.’ एवढं सोपं होतं ते.

सध्याचा दिनक्रम सांगतो. सकाळी पॅसेजमध्ये दहा मिनिटं चालायचं, संध्याकाळी पंधरा. आत्या आजीसारखं खाटेवर ठेवत नाही आणि मला जारही उचलू देत नाही. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळतं. दुपारी ती मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवते, म्हणते उन्हाला बस. तिला लेव्हाइन माहीत नाही. मी सांगितलं तर म्हणाली, “शाना होता की.”

परवा माझं इंजेक्शन झालं. दहा वर्षांनंतरचं पहिलं. आत्या सोबत आली होती. दुखलं, तेवढंच दुखलं. कॅलेंडरवर एकवीस दिवसांचं रिमाइंडर लावलंय, आणि आत्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनने गोल केलाय. माझा जास्त भरवसा कालनिर्णयवर आहे.

जाता जाता दोन गोष्टी. तुमच्या घरात पाच ते पंधरा वयाचं कोणी असेल, घसा जोरात दुखतोय, ताप आहे, तर मेडिकलमधून कुठलीतरी गोळी आणून गप्प बसू नका, डॉक्टरला दाखवा. घशात हा जंतू असेल, तर नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी पुढचा ताप बहुतेक वेळा टळतो. आणि घसादुखीनंतर काही आठवड्यांनी सांधे सुजले, आज गुडघा, उद्या घोटा, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका. दुसरी गोष्ट, तुमच्यापैकी कोणाला हे इंजेक्शन चालू असेल आणि हॉस्टेलवर जाऊन बंद केलं असेल, तर मला काही सांगू नका, लाज वाटून घेऊ नका. फक्त या आठवड्यात तुमच्या डॉक्टरकडे जाऊन या.

आत्या दारात उभी आहे. म्हणतेय, बास झालं बोलणं, दम लागंल. खरं तर दम लागलेला नाही. चाळीस मिनिटं बोललो आणि दम लागला नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी भेटू. काळजी घ्या.